टिचबटणांची जीप

आमच्या अंगणात आंब्याखाली एक जुनी जीप उभी आहे आणि मी हे लिहीत असताना तिचं हूड फडफडतं आहे. वारा म्हणाल तर नावाला. समोरच्या शेतातल्या वालाचं पान हलत नाही, दोरीवरचा टॉवेल गप्प आहे, कोंबड्या पिसं न विस्कटता फिरताहेत. पण हूडला तेवढाही पुरतो. फट्. मग जरा वेळ शांतता. मला वाटतं, निजलं. की पुन्हा फट्, फट्. एखाद्या म्हाताऱ्यानं ओटीवर बसून कारण नसताना मांडीवर थाप मारत राहावी, तसं.

या आवाजाचा मी या हिवाळ्यात जितका विचार केला, तितका मुलीच्या लग्नाचाही केला नव्हता. बायको म्हणते, तेव्हा केला असता तर जावई बरा मिळाला असता. ते सोडा.

जुन्या जीपला पत्र्याचं छप्पर नसतं. लोखंडी कमानी असतात, त्यांच्यावर जाड कॅनव्हास टाकायचा आणि खाली कडेनं पत्र्याला अडकवायचा, की झालं हूड. 'अडकवायचा' हा शब्द मी किती सहज लिहून गेलो बघा. या एका शब्दानं माझं डोकं दिवाळीपासून खाल्लं. कॅनव्हास पत्र्याला अडकवायचा कशानं? हा प्रश्न घेऊन माणसानं एकदा तरी शहापूरच्या बाजारात उभं राहावं. जगात आपल्याला सल्ला देणारं कोणी नाही असं ज्याला वाटतं, त्यानं तर राहावंच.

जीप माझ्या वडिलांची. त्यांना सगळा रस्ता नाना म्हणायचा, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. आसनगाव स्टेशनवर उतरलेली माणसं भरायची आणि शहापूर, शेणवा करत किन्हवलीपर्यंत सोडायची, हा नानांचा धंदा. आम्ही शेणव्याचे. नाना गेले, रस्त्यावर रिक्षा आल्या, जीप गोठ्याशेजारच्या पडवीत गेली आणि तिच्यावर आधी धूळ, मग पेंढा, मग एका मांजरीचा संसार बसला. तो संसार मी यंदा उठवला. हौस म्हणून नाही. आईसाठी.

आईला म्हशाच्या जत्रेला जायचं होतं. पौषातल्या पुनवेला मुरबाडच्या पुढं म्हशाला जत्रा भरते. माणसं तिथं बैल बघायला जातात, घोंगड्या घ्यायला जातात, देवाला जातात. आई तिथं बहिणीला भेटायला जाते. तिची धाकटी बहीण, आमची तानूमावशी, तिकडं माळशेजच्या पायथ्याला दिलेली. लग्नं झाल्यापासून दोघी दर वर्षी म्हशाला घोंगडीवाल्यांच्या रांगेत भेटत आल्या. तिथं एखाद्या घोंगड्यांच्या थप्पीला टेकून बसायचं आणि सूर्य कलेपर्यंत बोलायचं. घोंगडी घ्यायची नाही. घोंगडीवाल्यांच्या दोन पिढ्या या दोघींना कंटाळल्या.

मग आईच्या कानाचं दुखणं निघालं. कानाला वारं लागलं की तिला घर फिरताना दिसतं. डॉक्टरांनी सांगितलं, वाऱ्यात न्यायचं नाही. माझी मोटार आहे, पण तिच्या काचा बंद केल्या की आईला किन्हवलीच्या आधीच मळमळतं. एस.टी.ची पायरी तिच्या गुडघ्यांना झेपत नाही. अशा चार जत्रा बुडाल्या. आणि यंदा मावशीचा फोन आला. मावशीला काचबिंदू आहे. एक डोळा गेला, दुसऱ्याचा भरवसा नाही.

"अक्का, यंदा ये गो," मावशी फोनमधून ओरडून बोलत होती, जणू माळशेजवरूनच हाक मारत होती. "दिसतंय तवर तुजं त्वांड बघून घेते. मंग आलीस तरी मला काय, आवाजच यायचा."

मी म्हटलं, मावशीलाच मोटारीनं इकडं आणतो.

आई म्हणाली, "घरात काय बोलायचं? सुना चाय आनून ठेवतात आन समोर बसतात. जत्रंत कोनाला येळ हाय ऐकायला?" आणि मग, "नानांची जीप काढ. हूड लाव. तिच्यात वारं नाय लागत आन मळमळत बी नाय."

म्हणजे ठरलं. पुनवेच्या आत जीप चालली पाहिजे आणि हूडमधून आईच्या कानाला झुळूक लागता कामा नये.

जीप चालायला लागली. तो भाग सोपा. इंजिन म्हणजे काय, त्याला समजतील अशा शिव्या दिल्या की ते ऐकतं. हूडचं तसं नाही.

जुनं हूड पार कुजलेलं. ते नमुन्याला घेऊन मी मुरबाडला दिनेशकडे गेलो. दिनेश सीटकव्हरवाला. तोंडात सदा दोरा, बोलणं अर्धं मराठी, अर्धं मुंबईचं. त्यानं हूड दुकानापुढं पसरलं, जीपवर टाकून बघितलं, मागं सरकून एक डोळा मिटला.

"शेठ, हे ज्यानं शिवलं ना, त्याचा हिशोब गडबड होता. दोन्ही साइडला वीतभर कपडा जास्ती आहे. झोळ येणार. मी फिटिंगला कापतो, एकदम टाइट देतो. तबल्यासारखा."

मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "कापू नको. तुज्या बापसानं सोता उभं ऱ्हाऊन मापलेलं हाय."

"अगं पण झोळ येतोय."

"येऊ दे."

माझ्या आईच्या 'येऊ दे'पुढं आजवर कोणाचं काही चाललेलं नाही. नानांचंही चालत नसे. हूड जुन्या मापानं शिवलं गेलं आणि झोळ आला. मग दिनेश म्हणाला, आता सगळा खेळ बटणांचा, आणि त्यानं गल्ल्याखालून एकेक डबा काढून माझ्यासमोर ओतला.

माझा स्वभाव असा की समोर चार वस्तू ठेवल्या की मला पाचवी आठवते. त्या ढिगात पितळी फिरक्या होत्या; कापडातल्या चिरेतून वर काढायच्या आणि आडव्या करायच्या. आमच्या शाळेच्या खिडक्यांना तशा होत्या, आणि इतिहासाच्या तासाला मी त्या सगळ्या आडव्याच्या उभ्या करून ठेवल्या होत्या, पुढं वारा आला आणि मोगलांचं काय झालं ते राहूनच गेलं. बकलं होती. चामड्याच्या पट्ट्याचा तो वास नाकात गेला की मला अजून मागची बाजू चोळावीशी वाटते, कारण नाना पट्टा कमरेला कमी आणि हातात जास्त वापरायचे. चेन होती, हूकवाली इलास्टिकची दोरी होती, आणि एका गुंडाळीत ती चर्रर करणारी चिकटपट्टी, वेल्क्रो, जी डॉक्टर आईच्या दंडाला बांधून फुगवतात. आणि सगळ्यात तळाला, गंजाचे ठिपके पडलेली, टिचबटणं.

टिचबटण मी बोटांत दाबलं. टिच्.

आणि झालं. दिनेश काहीतरी बोलत राहिला आणि मी त्याच्या दुकानातून निघून गेलो. पायांनी नव्हे.

जीपमध्ये प्रत्येक ऋतूचा वास वेगळा असे. हिवाळ्यात झोडणी उरकून बाया माहेरी निघाल्या की सगळ्यांच्या पदरांना भाताचं तूस, आणि हूडखाली एक कोरडा, खाजरा, उबदार वास. चैत्रात मोहाच्या फुलांच्या टोपल्या. तो गोड-आंबूस वास इतका दाट की न पिताच माणसं बडबड करायची. पुढं करवंदं आणि आंबे. पावसाळ्यात ओल्या घोंगड्यांचा मेंढरासारखा वास, आणि त्या सगळ्यांवर, बारा महिने, सुक्या बोंबलांचा. कल्याणहून कोणी ना कोणी बोंबील आणायचंच आणि मांडीवर धरून असं बसायचं, जणू तो वास शेजाऱ्याचा आहे. या सगळ्याखाली कॅनव्हासचा स्वतःचा वास होता, मेणाचा, उन्हात तापलेल्या तंबूचा. तो मला अजून कुठं भेटला तर मी रस्त्यात उभा राहतो आणि मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या खातो.

आणि सुटण्याआधीचा तो विधी. नाना किल्लीला हात लावायचे, पण फिरवायचे नाहीत. मागं न बघता फक्त एक शब्द म्हणायचे, "बटणं."

की मागं सुरू. टिच्, टिच्, टिच्. हूडचं प्रत्येक बटण त्याच्या शेजारी बसणाऱ्यानं आतून लावायचं, हा त्या जीपचा कायदा. म्हणून बटणं बाहेरून नव्हे, आतून हाताला येतील अशी बसवलेली. रोजच्या माणसांची बटणं ठरलेली होती. मास्तरांचं डावीकडचं पहिलं. किन्हवलीच्या भाजीवालीचं दाराजवळचं, कारण तिला उतरायची घाई. शेवटचं कोपऱ्यातलं बटण घट्ट होतं, ते एका सुताराकडे, त्याचा अंगठा दांडगा. नाना डोळे मिटून ऐकायचे. सगळी टिच् झाली की किल्ली फिरायची. एखादी राहिली तर आवाजावरून त्यांना कळायचं कुठली.

"मास्तर, तुमचं ऱ्हायलं."

"वर्तमानपत्र वाचत होतो हो नाना."

"वाचा की. आमी थांबतो."

सगळी जीप हसायची आणि मास्तर कान लाल करून टिच् करायचे. पुढं तो सुतार गेला. त्यानंतर बरेच दिवस त्या कोपऱ्यातल्या बटणाला कोणी हात लावला नाही. तिथं बसणारा बसायचा, पण बटण लावायचा नाही. नाना आपल्या जागेवरून उतरायचे, जीपला वळसा घालून मागं यायचे, स्वतः ते लावायचे आणि मग किल्ली फिरवायचे.

त्या जीपमधली माझी सगळ्यात जुनी आठवण मात्र विचित्र आहे. तिचा मला कधी अर्थ लागला नाही. जीप भरलेली आहे, खच्चून. सगळी आळी आत आहे. मी आईच्या मांडीवर, नव्याकोऱ्या कॅनव्हासच्या वासात. पण जीप चालत नाही. अंगणातच उभी. कोणी कुठं जात नाही, कोणाच्या हातात पिशवी नाही, आणि तरी सगळे बसलेत, खांद्याला खांदा लावून, पाठी मागं टेकून. बाहेरून कापडावरून काहीतरी सरकतं, एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर, आणि ते ज्याच्या पाठीवरून जातं तो गुदगुल्या झाल्यासारखा हसतो. हसू असं एकाकडून दुसऱ्याकडे येत येत आईपर्यंत येतं आणि आई हसते. बस, एवढंच. मला वाटायचं, हे स्वप्न असावं. लहानपणी माणसाला काहीही पडतं.

"शेठ," दिनेश म्हणत होता, "वेल्क्रो टाका. आजकाल सगळे वेल्क्रोच टाकतात. टेन्शन नाय."

मी वेल्क्रो टाकला. म्हणजे मी शहाणा.

दुकानापुढून निघालो ते सरळगावपर्यंत ठीक. नंतर रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा वेल्क्रोची एकेक वीत उघडत गेला. चर्रर. चर्रर. शेणव्याला पोचलो तेव्हा हूड फक्त माझ्या आशेवर टिकून होतं. आईला ओटीवरून आवाज आला. म्हणाली, "कोनाचं ब्लडप्रेशर मोजत आलास?"

मग इलास्टिकची दोरी. ती ताणून लावली, हूड जरा आवळल्यासारखं वाटलं, मी दोन पावलं मागं जाऊन कौतुकानं बघतो तोच एक हूक सुटला, माझ्या कानावरून गेला आणि शेजारच्यांच्या पाण्याच्या पिंपावर असा वाजला की शेजारीण पदर सावरत बाहेर आली, तिला वाटलं बँड आला. मग बकलं. बकलांनी हूड लावायला इतका वेळ लागायचा की तोवर माणूस चालत किन्हवलीला पोचावा, आणि सगळी लावल्यावर जीप अशी दिसायची, जशी हाडं मोडून दवाखान्यात टाकली आहे. शिवाय दोन बकलांच्या मधला झोळ फडफडायचा तो फडफडायचाच. फिरक्यांचं तेच. चेननं तर आमच्या धुळीत दुसऱ्याच दिवशी अर्ध्यात दात आवळले, आणि बायको मागच्या बाकावर अडकली.

बायकोचं नाव सुनीता. ती आतून शांतपणे म्हणाली, "मी हितंच ऱ्हाते. जेवायचं ताट खालून सरकवा."

एक वेळ अशी आली की डावीकडे फिरक्या, उजवीकडे बकलं, मागं चेनचा अर्धा तुकडा आणि कोपऱ्यांत वेल्क्रो. हूडवर सर्वपक्षीय सरकार आलं, आणि सर्वपक्षीय सरकारात होतं तेच झालं. प्रत्येकानं आपली बाजू धरली आणि मधलं सगळं फडफडत राहिलं.

रोज संध्याकाळी मी जीप शेणव्याच्या फाट्यापर्यंत न्यायचो आणि आणायचो. तपासायला. आई ओटीवर कान देऊन बसायची.

"वाजतंय," ती म्हणायची.

"कमी झालंय."

"तुज्या कानाला. माज्या नाय."

तिकडं चंद्र भरत चालला होता. मावशीनं पुन्हा फोन केला नाही. तिचं तसंच, एकदा बोलली की बोलली. पण आई संध्याकाळी दिवा लावताना आकाशाकडे बघायची आणि मग जीपकडे. मला ते दुसरं बघणं सोसवेना. दोनदा मी कात्री घेऊन जीपपाशी गेलो. कापून टाकावं जादा कापड, आईला कळतंय कुठं. दोन्ही वेळा ती पाठमोरी बसूनच म्हणाली, "कापू नको." तिचा कान दुखतो, पाठीला डोळे आहेत ते ठणठणीत आहेत.

शेवटी मी हरलो. दिनेशकडून सगळी सोंगं काढून टाकली आणि साधी टिचबटणं लावून घेतली, पत्र्यातल्या नानांच्या जुन्या भोकांवर, नानांच्यासारखी आतून. दिनेशला फार वाईट वाटलं. "शेठ, आउटडेटेड आयटम आहे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीही त्याच डब्यातला आहे.

पुनवेच्या सकाळी निघालो. धुकं होतं, माहुलीचे सुळके वरच्यावर तरंगत होते. पुढं आई, कानाला लोकरीचा रुमाल, त्यावर पदर, त्यावर माझा मफलर. नुसतं नाक दिसत होतं. मांडीवर मावशीसाठी तिळाच्या लाडवांचा डबा. मागं सुनीता एकटी, दोन्ही हात पसरून दोन बाजूंचा कॅनव्हास दाबून धरलेला. पुढच्या आरशातून बघितलं तर ती जीप उडू नये म्हणून धरून बसल्यासारखी दिसत होती.

गाव सुटलं, जीपनं वेग घेतला आणि हूड बोलू लागलं. आधी फट्, मग फटफट, मग सगळीकडून एकदमच, कोंबडी पाय धरून उलटी केल्यासारखं. झोळात वारा शिरायचा, फुगायचा, आणि खालच्या कडेनं सुसाट आत यायचा. बटण एकही सुटलं नाही. बटणांचा दोष नव्हताच. मी हळू चालवली. आणखी हळू. एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला आणि वळून बघत राहिला.

किन्हवलीच्या जरा पुढं आईनं दोन्ही तळवे कानांवर ठेवले. डोळे मिटले. डबा मांडीवरून घसरला तरी तिनं धरला नाही. मग म्हणाली, "फिरव गाडी."

"जरा थांब, दोरी बांधतो."

"फिरव रे पोरा. समदा रस्ता गरगरतोय." आणि अगदी हळू, जणू मावशीलाच सांगावं तसं, "नाय जमत आता."

मी जीप फाट्यावर बाजूला घेतली. उतरलो. दोरी काढली, आणि ती कुठं बांधायची हे न कळून जीपच्या मागं तसाच उभा राहिलो. मला त्या हूडचा, दिनेशचा, नानांचा, त्या वीतभर कापडाचा इतका राग आला होता की दोरी स्वतःलाच बांधून घ्यावी असं वाटत होतं.

फाट्यावर जत्रेला निघालेली माणसं उभी होती, एस.टी.ची वाट बघत. जीप थांबली, हूडवाली, मागून उघडी. त्यांनी काही विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारत नाहीत.

"म्हशाला ना?" म्हणत एक बाई टोपलीसकट आत चढली. तिच्यामागं तिची जाऊ. मग कानात वायर घातलेली एक कॉलेजची मुलगी, मग बैलाची नवी वेसण गळ्यात अडकवलेला एक गडी, त्याच्यामागं आणखी दोन, तीन. मी दोरी हातात घेऊन, "अहो, ही सिटांची गाडी नाय," असं म्हणत होतो आणि माझ्या अंगावरून माणसं चढत होती.

"सरका गो तिकडं," टोपलीवाली म्हणाली. सुनीता सरकली. तिला हात सोडावे लागले, कारण हात ठेवायला जागाच उरली नाही.

सगळ्यात शेवटी एक म्हातारा आला. पांढरी टोपी, डोळ्यांवर जाड भिंगं. जीपकडे बघत राहिला. "ही शेनव्याची ना? नानांची?"

"हो. मी त्यांचा मुलगा."

"मी दारापाशी बसायचो, भाजीवालीच्या समोर," तो म्हणाला आणि वर चढला. दारापाशीच बसला.

या लोकांना उतरवणं माझ्या बापाच्यानं झालं नसतं. माझ्या बापानं तर त्यांना चढवण्यात जन्म घातला. म्हटलं, यांच्यासकट वळवू आणि किन्हवलीत सोडू. मी पुढं येऊन बसलो, किल्लीला हात लावला, आणि कोण जाणे का, तोंडातून गेलं, "बटणं."

म्हाताऱ्यानं न बघता हात मागं नेला, जिथं तो पूर्वी न्यायचा तिथं, आणि टिच्. टोपलीवालीनं त्याच्याकडे बघितलं, आपल्या पाठीमागं चाचपलं. टिच्. मग त्या पोरीनं. मग वेसणवाल्यानं. घाईत चढताना जी जी सुटली होती ती सगळी, एकामागून एक.

मी किल्ली फिरवली. जीप निघाली. वळवायची होती ती वळवायचंच विसरलो, कारण मी ऐकत होतो. वेग आला. आणखी आला.

आवाज नव्हता.

इंजिनाचा होता, माणसांचा होता, टोपलीत एक कोंबडी होती तिचा होता. हूडचा नव्हता. मी मागं बघितलं. दोन्ही बाजूंना माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती, पाठी मागं टेकून, आणि त्या पाठींनी तो वीतभर झोळ सगळाच्या सगळा भरून टाकला होता. कॅनव्हास तबल्यासारखा ताणलेला. कुठं फट नाही. वाऱ्याला शिरायला जागाच नाही, सगळी माणसांनी घेतलेली.

आईनं एक हात कानावरून काढला. मग दुसरा. मफलर खाली ओढला.

"गप झालं," ती म्हणाली. "आता कसं."

"आई, हे हूड..."

"मानसं बशिवून मापलेलं हाय ना ते. नानांनी समद्या आळीला आत बशिवलं, आन शिंपी बाहेरनं खडू वडीत गेला, समद्यांच्या पाठीवरनं. हसून हसून पोटं दुखली व्हती आमची. रिकाम्या गाडीला कवा कोन माप घेतं?"

मी गाडी चालवत होतो म्हणून बरं. "तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुला म्हायती नाय?" ती खरोखरच चकित झाली. "तू तर माज्या मांडीवर व्हतास. त्या मापात तू बी हायस."

सरळगाव, मुरबाड, म्हसा. रस्ताभर माझ्या पाठीमागं तो खडू सरकत होता.

जत्रेत बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांतून, गोडीशेवेच्या परातींतून, धुळीतून आईला घोंगडीवाल्यांच्या रांगेत नेलं. मावशी आधीच येऊन बसली होती, एका थप्पीला टेकून. आई तिच्यासमोर बसली, अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लावून. मावशीनं मान थोडी तिरपी करून चांगल्या डोळ्यासमोर आईचं तोंड धरलं. हातांनी धरलं, भांडं घासून झाल्यावर उजेडाकडे धरतात तसं.

"म्हातारी झालीस गो," मावशी म्हणाली.

"आन तू?"

"मला काय, मी मला दिसत नाय."

मग दोघींनी आवाज खाली घेतला आणि घोंगडीवाल्यानं, तिसऱ्या पिढीच्या, कपाळाला हात लावला. मी आणि सुनीता बैल बघायला गेलो. आम्हाला बैल घ्यायचा नव्हता.

ऊन कललं तेव्हा आईला घेऊन जीपपाशी आलो. सकाळची माणसं जत्रेत पांगली होती. सुनीता एकटी मागं चढून बसली. मी आईला पुढं बसवलं, फिरून माझ्या जागेवर आलो आणि किल्ली काढली.

आईनं माझं मनगट धरलं. "रिकामी नेतोस?"

"सगळे गेले, आई. हळू चालवतो."

"थांब."

ती उतरली. गुडघे दुखतात ती, एस.टी.ची पायरी झेपत नाही ती, जीपची कड धरून खाली उतरली. मफलर सोडला, पदर खोचला, आणि जत्रेच्या त्या सगळ्या गलबल्यात, नानांची हाक मी विसरलो होतो ती, नेमकी त्यांच्याच सुरात तिनं मारली.

"चला किन्हवली, शेनवा, शापूर. चला, चला. बटनं रिकामी हायत."